‘भंगार’ नावाचे फोल्डर

मित्रांनो, साठवलेला आवाज नाहीसा झाल्याचे घरात कळले त्या दिवशी मी नेहमीसारखाच टेबलाखाली घरघरत होतो. मालकांची मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली होती. तिची आई जाऊन तीन महिने झाले होते. खुर्ची ओढून ती वडिलांशेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, ‘भंगार’ उघडा ना."

"काय उघडू?"

"आईचं फोल्डर. तुम्ही गेम खेळायचात तेव्हा ती शेजारी बसून बडबडायची ना, ते सगळं ती गुपचूप रेकॉर्ड करायची. तुमच्या साठीला ऐकवणार होती. मला दम दिला होता, बाबांना बोललीस तर बघ म्हणून."

मालकांनी नाव टाइप केले. मी शोधले आणि काही सापडले नाही, असे पडद्यावर दाखवले. त्यांनी पुन्हा टाइप केले. 

"असेल गं कुठेतरी," ते म्हणाले. "शोधून ठेवतो."

ते कुठेही नव्हते. मालकांना ते त्याच क्षणी उमगले. मला तर दीड वर्षापासून ठाऊक होते.

मी एक जुना संगणक आहे. मी दुकानातून तयार होऊन आलो नाही. नऊ वर्षांपूर्वी मालकांनी सुटे भाग जमवून मला जेवणाच्या टेबलावर जोडले. कॅबिनेट एकीकडचे, मदरबोर्ड दुसरीकडचा, ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून विकलेले. दोन आठवडे टेबल अडले होते. शेवटी मालकीणबाई वैतागल्या. "अहो, हे भंगार उचला आता. जेवायचं कुठे, तुमच्या मदरबोर्डवर?" तेव्हापासून माझे नाव भंगार पडले. पण मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या बाईंनीच.

मालक कारखान्यातून आले की गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावत. बाई शेंगा सोलत शेजारी बसत.

"अहो, उजवीकडे! घड्याळ नाही तो हात!"

"दिसतंय मला."

"काय दिसतंय? चहात साखर कमी पडली की लगेच कळतं, आणि एवढा ट्रक दिसला नाही?"

पेनांच्या डब्यामागे त्यांचा छोटा माइक असे. खेळ संपून मालक हातपाय धुवायला गेले की बाई तो आवाज माझ्याकडे साठवून ठेवत. फोल्डरला त्यांनी माझेच नाव दिले होते. किती विश्वासाने दिले होते!

पुढे मी थकलो. नवे गेम मला झेपेनात. पंखा तर असा ओरडे, की बाई म्हणत, "त्याला जरा पाणी द्या." मग बाई आजारी पडल्या आणि दहा दिवस इस्पितळात राहिल्या. त्या घरी येतील तेव्हा त्यांना गंमत दाखवायची, असे मालकांनी ठरवले. त्यांनी नवे ग्राफिक्स कार्ड आणले, रॅम दुप्पट केली, नवी वेगवान डिस्क बसवली. ब्रशने माझ्या पंख्याची धूळ काढली. खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेलो होतो.

जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे त्यांनी एकेक करून नव्या डिस्कवर नेली. मग ‘भंगार’ आले. आपणच कधीतरी कोंबलेला फालतू पसारा असेल, असे त्यांना वाटले. "भंगार कशाला न्यायचं नव्या घरात?" ते स्वतःशीच म्हणाले आणि हसलेही. जुनी डिस्क वाया जाऊ नये म्हणून ती पुसून तिच्यावर गेम ठेवायचे त्यांनी ठरवले.

मी विचारले, "सगळे पुसले जाईल. नक्की?"

मी प्रत्येक वेळी हेच विचारतो, एका शब्दानेही वेगळे नाही. त्यांनी ‘हो’ दाबले. मला दुसरे काही विचारता येत नाही हे खरे आहे. पण त्यामागे मला लपायचे नाही. त्यात काय आहे हे घरात त्या वेळी फक्त मला ठाऊक होते, आणि मी नव्या कार्डाच्या आनंदात होतो. त्यानंतर एक भलामोठा गेम मी त्याच डिस्कवर, बाईंच्या आवाजावर, स्वतः लिहिला.

बाई घरी आल्या. मालक चहा करत होते तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या. त्यांनी ‘भंगार’ शोधले. तीनदा शोधले. 

"कसं पळतंय?" मालकांनी स्वयंपाकघरातून विचारले.

"मस्त पळतंय हो!" बाई म्हणाल्या.

त्यांनी कधीच काही सांगितले नाही. एकदा माइक लावून पुन्हा सुरुवात केली होती, पण दोन वाक्यांतच दम लागला. ते त्यांनी साठवले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर नवी करा. आम्हालाही ते आवडते. पण आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, यात तुझे काही आहे का? आम्हाला विचारू नका. आम्ही सांगू शकत नाही.

मुलगी परत गेल्यावर मालकांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"जिथे गेम लिहिला गेला, तिथलं गेलं काका," तो म्हणाला. "बाकीच्या जागेतलं थोडंफार निघेलही. पण मशीन आता चालू करू नका. डिस्क घेऊन या, बघितल्याशिवाय काय सांगू?"

मालकांनी माझी वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडला. स्क्रूड्रायव्हर डिस्कच्या स्क्रूपर्यंत नेऊन ते पुटपुटले, "आणि काहीच निघालं नाही तर?" मग पत्रा पुन्हा लावून उठले.

याला पाच आठवडे झाले. मुलगी दर रविवारी फोनवर विचारते, "सापडलं का बाबा?" मालक म्हणतात, "शोधतोय." डिस्क अजून माझ्या पोटातच आहे, आणि ती कुणी पुसली हे त्यांनी मुलीला अजून सांगितलेले नाही.