सुनीतीची दहावी

"काय म्हणायलाय तो?" सरलाबाईंनी अपूर्वाला कोपरानं ढोसलं.

लायडनच्या विद्यापीठातला हॉल गच्च भरला होता. मंचावर एक निवृत्त डच बँकर दोन हजार आठच्या मंदीवर बोलत होते. अपूर्वा तिथंच पीएचडी करत होती. दोन महिन्यांसाठी आलेल्या आईला खोलीत एकटं कसं ठेवायचं, म्हणून ती तिला सोबत घेऊन आली होती आणि कानाशी लागून मराठीत सांगत होती.

"अमेरिकेत ज्यांना फेडता येणार नव्हतं त्यांनाही घरासाठी कर्जं दिली. मग त्या कर्जांची गाठोडी बांधून जगभर विकली. वर शिक्का, एकदम सुरक्षित! इथल्या बँकांनीही घेतली. घरांचे भाव पडले तशा बँका कोसळल्या, एकमेकींवर विश्वास ठेवेनात."

"आन् आपल्याकडं?"

"भारतासारख्या देशांना झळ लागली, पण नऊ-दहा महिन्यांत सगळं सावरलं, म्हणतात."

"सावरलं?"

सरलाबाई सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायच्या. त्या दिवाळीनंतर युरोपातल्या ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या. तिकडच्या बँका पैसे मिळण्याच्या हमीचे कागद देईनात, म्हणून तयार माल बंदरावर अडकला. टॉवेलांवर परदेशी हॉटेलांची नावं विणलेली, ते गावात कोण घेणार? एका सकाळी चाळीस बायकांना फाटकातूनच परत पाठवलं. नवरा आधीच गेलेला, पदरात दोन मुली.

प्रश्नांची वेळ झाली आणि सरलाबाईंनी हात वर केला.

"आई!"

"तू नुसतं त्यांच्या भाषेत सांगत जा." त्या उभ्या राहिल्या. "साहेब, माझी थोरली सुनीती दहावीत होती. वर्गात पहिली. कारखाना बंद पडला, तिला शाळेतून काढलं आन् माझ्यासंगट विड्या वळायला बसवलं. तुमच्या बँकांना सरकारनं उभं केलं. कारखानाबी पुन्हा सुरू झाला. माझ्या लेकीची दहावी कधी सावरली, तेवढं सांगा."

अपूर्वा आईकडे वळली. "आई, ताईला तर शाळा आवडत नव्हती ना? तूच सांगायचीस."

"तू आठ वर्षांची होतीस. तुझी फी तिच्या विड्यांवर भरली. अपूला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं." सरलाबाईंचा आवाज चढला. "चूक ह्यांची, आन् शाळा तिची सुटली! सांग त्यांना."

अपूर्वानं सांगितलं. मधे दोनदा थांबली, पण एक शब्द गाळला नाही.

बँकरनी चष्मा काढला. "मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण ती कर्जं माझ्या विभागात येत नव्हती."

"मग कुणाच्या विभागात येत होती?" अपूर्वानं ते मराठीत सांगताच सरलाबाईंनी विचारलं.

हेही अपूर्वानं सांगितलं. सूत्रसंचालकांनी हसून आभार मानले आणि माइक पुढच्या रांगेत गेला.

बाहेर सायकलींच्या गर्दीत उभं राहून अपूर्वानं सोलापूरला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडे टॉवेलच्या कारखान्यात दुपारची पाळी चालू होती.

"काय गं अपू? पटकन बोल, मशीनवर आहे मी."

"ताई... जेवलीस?"

"हां, मघाशीच. का गं?"

"काही नाही. सहज."

"येडी!" सुनीती हसली. "थांब, एवढी कड संपवू दे, मग बोलू."

तिनं फोन बंद केला नाही, नुसता बाजूला ठेवला. शिलाई मशीनची खडखड येत राहिली आणि मायलेकी ती ऐकत उभ्या राहिल्या.