अलमवरचा हात

सुघराला न्यायला तुराब आला, तेव्हा रुबाब लेकीच्या सातव्या वाढदिवसाच्या फ्रॉकला काजं करत होती. वाढदिवस अजून दोन-अडीच महिने लांब होता. ही बिचारी शाळेच्या दाखल्याप्रमाणे मोजत बसली, आणि तो मेला चंद्राची वर्षं मोजून दारात हजर. शियांच्या शरियतीत तलाक झाला की मुलगी सात वर्षांची होईपर्यंत आईकडे, पुढे बापाची. आणि वर्षं धरायची ती चंद्राचीच, दरसाल दहा-अकरा दिवसांनी तोकडी. बिनबटनांचा फ्रॉक तसाच अंगात घालून पोर गेली. शेजारच्या तुळशीने कंबरेला मिठी मारून आवरलं म्हणून, नाहीतर रुबाब रिक्षामागे अर्धं अंबरनाथ धावली असती.

बापाची माया उतू चालली होती म्हणावं, तर तसंही काही नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये तुराबच्या दुसऱ्या बायकोला जुळं झालं होतं, आणि घरात फुकटचं माणूस हवं होतं. सुघराची शाळा सुटली. रुबाब भेटायला गेली की सासू झैनबबी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवायची.

रुबाब दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि त्या घराचा सूड घ्यायचा असं मनाशी पक्कं केलं. तुळशीने कोर्टाचं नाव काढलं, तर म्हणाली, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोरीचं लग्न होईल. माझ्याकडे हत्यार आहे, आजवर बाहेर काढलं नाही एवढंच.

ते हत्यार असं. तुराबने तलाक दिला तो नवचंदी जुमेरातला, म्हणजे नव्या चंद्राच्या पहिल्या गुरुवारी. त्या सकाळी घरातल्या अलमचा, हजरत अब्बासांच्या निशाणाचा हार घसरला. सावरायला रुबाबने हात पुढे केला, तर झैनबबीने तो मागे ओढला. पाळीत आहेस, शिवू नकोस, म्हणाली. शेजारच्या चार बायका तिथेच होत्या. संध्याकाळी मौलाना आले, दोन साक्षीदार बसले, आणि मौलानांनी रीतीप्रमाणे विचारलं, बाई पाक आहे ना? कारण पाळीतल्या बायकोला दिलेला तलाक शियांमध्ये तलाकच नसतो. झैनबबीने आतून ठणकावून सांगितलं, पाक आहे. लेकाचं नवं लग्न जमत होतं ना, घाई झाली होती म्हातारीला. रुबाबने ऐकलं आणि ती गप्प बसली. मार खाऊन तिचं अंग काळंनिळं झालं होतं. पोर कडेवर होती, सुटका दारात उभी होती; ती कशाला बोलते?

आता मात्र बोलायची वेळ आली. मोहरमच्या आठ तारखेला, अब्बासांच्या दिवशी, तुराबकडे बायकांची मजलिस, म्हणजे शोकसभा होती. शोकाला आलेल्या बाईला दारातून कोणी हाकलत नाही. काळे कपडे घालून रुबाब सरळ आत जाऊन बसली. पुढच्या रांगेत तुराबच्या नव्या सासूबाई होत्या, बदलापूरच्या लाकडाच्या वखारवाल्या नासिरशेठच्या बायको. तुराबला दुकान नासिरशेठनीच काढून दिलेलं, आणि अट एकच घातलेली: पहिलीला सोडलेलं हवं, माझी लेक सवतीवर नांदणार नाही. सुघरा सरबताचे ग्लास फिरवत होती. काळ्या ओढणीखाली तोच फ्रॉक, अजून बिनबटनांचा. तो पाहिला आणि रुबाबच्या मनातली उरलीसुरली भीडही गेली.

मजलिस संपली तशी ती उठून अलमजवळ गेली.

"अम्मी, इथे हात ठेवा," ती म्हणाली. "आणि तलाकच्या त्या गुरुवारी सकाळी माझा हात का ओढलात, तेवढं सगळ्यांना सांगा."

झैनबबीने आयुष्यात दूधवाल्यापासून सख्ख्या बहिणीपर्यंत सगळ्यांना टोप्या घातल्या होत्या. पण अब्बासांच्या अलमवर हात ठेवून खोटं बोललेल्याची धडगत नसते, हे तिच्या हाडात मुरलेलं. हात ठेवावा तर पंचाईत, न ठेवावा तर सगळ्या बघताहेत. शेवटी हात ठेवला.

"नापाक होतीस म्हणून," ती पुटपुटली.

नासिरशेठच्या बायकोने लेकीला जुळ्यांसकट उठवलं आणि बदलापूर गाठलं. मौलानांनीही सांगून टाकलं, तो तलाक झालाच नाही. नासिरशेठचा निरोप आला: तलाक नव्याने द्या, नाहीतर दुकानाच्या किल्ल्या पाठवा. मग काय, तुराब सुघराचं बोट धरून अंबरनाथला हजर, आवाज एकदम लोण्यासारखा. पोरगी ठेव, पण मौलाना विचारतील तेव्हा पाक आहे म्हण. रुबाबने सुघराला आत घेतलं आणि फक्त मान हलवली.

ठरल्या दिवशी मौलाना दोन साक्षीदार घेऊन आले. पडद्याबाहेरून विचारलं. आतून रुबाब म्हणाली, नाही. पुढच्या महिन्यात आले, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला तुराब उसळला, ही खोटं बोलते! मौलाना म्हणाले, या बाबतीत बाईचाच शब्द मानायचा असतो. खोटं असेल तर त्याचा जाब ती अल्लाला देईल. अलमवर हात ठेवायला तिला सांगा, एवढं तुराबला सुचलं नाही; आणि रुबाब घरात अलम ठेवत नव्हती.

त्याच आठवड्यात नासिरशेठने दुकानाला स्वतःचं कुलूप घातलं. तुराब एकटाच आला, पोरीला ओढून नेईन म्हणाला. रुबाब सुघराच्या फ्रॉकला शेवटचं बटन लावत होती. तिने दाताने दोरा तोडला.

"न्या. मागून मीही पेटी घेऊन येते, बायको आहे तुमची. तलाक झाला की पोरगी तुमची होते. त्यापेक्षा मी जन्मभर तुमची बायकोच बरी."