दोन जिवांचं

बाईंची जीभ म्हणजे धार लावलेली सुरी, आणि ती चालायची पोटच्या पोरीवर. “हवा खाल्ली तरी हिच्या अंगी लागते,” हे लेकीनं दुधाचे दात होते तेव्हापासून चारचौघांत ऐकलं होतं. लोक हसायचे, म्हणून तीही हसायची.

बाई प्रयोगशाळेत चरबीच्या पेशी वाढवत. गेल्या वर्षी त्यांच्या बशीत आल्या त्या गाभण असताना उपाशी ठेवलेल्या उंदरिणींच्या पिल्लांच्या कोवळ्या पेशी. जनुकं जशीच्या तशी होती, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा बसल्या होत्या. त्या खुणांपायी पेशी नुसत्या टपलेल्या. जरा अन्न मिळालं की झाल्याच चरबी. आईची उपासमार पिल्लाच्या अंगात मुक्काम ठोकून बसली होती.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढताना बाईंना आपला जुना आरसा आठवला. लेक पोटात असताना बांधा बिघडू नये म्हणून त्या भरल्या घरात उपाशी राहिल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. कळलं सगळं, पण चूक कबूल करणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. घरी त्या काही बोलल्या नाहीत.

परवा लेक जेवायला आली. गालफडं बसलेली, डोळे मात्र चमकत होते.

“आई, पाचवा लागला, आणि वजन उलट दोन किलो उतरलंय. आता तरी शाबास म्हण.”

बाईंनी ताट तिच्यापुढे सरकवलं. “वेडी आहेस का? खायला हवं. बाळाला बाधेल.”

“जन्मात पहिल्यांदा मला खा म्हणतेयस,” लेक हसली. मग हसू थांबवून तिनं विचारलं, “माझ्या वेळी तू खात होतीस?”

एका शब्दाचं काम होतं. ‘नाही’ म्हटलं की लेकीनं घास उचलला असता. पण त्या शब्दामागून इतक्या वर्षांचे टोमणे परत आले असते, आणि ते ऐकून घेण्याची बाईंची छाती नव्हती.

“म्हणजे काय,” त्या म्हणाल्या. “दोन जिवांचं खात होते मी. अगदी पोटभर.”

लेकीनं मान डोलावली आणि ताट बाजूला सारलं.

“तरीच मी अशी झाले. माझ्या बाळाचं मी असं होऊ देणार नाही.”

ती उठून आत गेली. बाईंना उघड्या दारातून दिसत होतं. त्याच जुन्या आरशासमोर लेक एका अंगाला वळून उभी होती, श्वास रोखून, पोट आत ओढून.