नुसतं बसायचं

जुलैत काझी सरांचा वर्ग भरलेला होता. गणपतीपर्यंत तो निम्म्यावर आला आणि दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा पहिल्या बाकावर दोनच डोकी उरली: फुलंब्रीच्या तात्यासाहेबांचा पोरगा कारभारी आणि त्याच शिवारातल्या धनगरवाडीचा बिरू. बाकीची मंडळी संख्याशास्त्राकडं पळाली. तिथं निदान आकडे तरी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. फंक्शनल अॅनालिसिस नावाच्या या पेपरात आकडा औषधालाही सापडत नसे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोरं मोठ्या हौसेनं हा विषय घेत आणि मग कपाळाला हात लावत.

काझी सर निजामाच्या अमदानीत हैदराबादेत शिकलेले. पोलीस अॅक्शननंतर त्यांचे भाऊ कराचीला गेले, सर मात्र आपली पुस्तकं घेऊन औरंगाबादेतच राहिले. शेरवानीची उजवी बाही खडूनं कायम पांढरी असायची. फळा भरला की ते वळून विचारायचे, "समझे क्या, बच्चो?"

आणि कारभारी मान डोलवायचा.

पहिल्या दिवसापासून त्याला काडीचं कळत नव्हतं. पहिल्या महिन्यात तो घाबरला. मग त्याला लाज वाटू लागली. बी.एस्सी.ला तालुक्यात पहिला आलेला पोरगा. त्याचा सत्कार करायला फुलंब्रीत मांडव घातला होता. प्रमेयं तोंडपाठ करायची आणि पेपरात ओतायची, एवढ्या भांडवलावर गडी इथवर आला होता. पण काझी सर कधी एक्सच्या जागी वाय लिहायचे, कधी शेवटून सुरुवात करायचे, आणि पाठ केलेलं सगळं घसरून पडायचं. पुढं पुढं भीती गेली, लाजही गेली. राहिलं ते काहीच न वाटणं. सकाळच्या एस.टी.नं शहरात यायचं, बाकावर बसायचं, फळ्यावरचं वहीत उतरवायचं आणि संध्याकाळी परत जायचं. जेवताना आई विचारायची, "बरं हाय ना रं?" तो म्हणायचा, "हाय की." काय बरं होतं, ते त्याला सांगता आलं नसतं. बाळंतपणाला आलेली बहीण परत सासरी गेली, तेव्हा सगळं घर वेशीपर्यंत गेलं. हा ओट्यावर बसून राहिला, आणि आपण उठलो नाही हेसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

सुटायला वाट होती. त्याचं बी.एस्सी.ला संख्याशास्त्र झालेलं होतं, त्यामुळं संक्रांतीपर्यंत त्याला विषय बदलता येत होता. पण विभागप्रमुखांनी बजावून ठेवलं होतं, की ऐच्छिक विषयाला दोन पोरं तरी हवीत. एकच उरला तर पेपर बंद. बिरूकडं दुसरा विषय नव्हता. कारभारी उठला असता तर बिरूचं वर्ष गेलं असतं.

आणि बिरूला सगळं कळतं, याबद्दल कारभारीला तिळमात्र शंका नव्हती. सर बोलायला लागले की बिरूचे डोळे फळ्यावरून हलत नसत. मधूनच तो "हं" म्हणायचा. असं "हं" कळल्याशिवाय कोण म्हणतं?

बिरूचा बाप मेंढरं राखायचा. सुगी झाली की तो आपली मेंढरं तात्यासाहेबांच्या वावरात आणून बसवायचा. रात्रभर मेंढरं वावरात बसायची, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत व्हायचं आणि त्याच्या बदल्यात धनगराला ज्वारी मिळायची. तात्यासाहेब म्हणायचे, "मेंढरू काय करतं? नुसतं बसतं. पर त्याच्या बसण्यानं रान पिकतं." कारभारीनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अर्ज खिशात घेऊन तो विभागाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा नेमकं हेच त्याच्या डोक्यात आलं. आपण नुसतं बसायचं. बिरूचं रान पिकेल. त्यानं अर्जाची घडी केली आणि परत बाकावर येऊन बसला. आपण काही मोठा त्याग केला, असंही त्याला वाटलं नाही. वाटण्याची जागाच बुजली होती.

त्यानंतर त्याची मान आणखी जोरात डोलू लागली. नंदीबैलानं शिकवणी लावावी अशी.

मार्चच्या अखेरीला शेवटचा तास झाला. काझी सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. फळा पुसल्यावर ते बाहेर जाईनात. खडूचा तुकडा हातात फिरवत टेबलापाशी उभे राहिले.

"इतकी वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "पोरं यायची, बसायची, जायची. पालथ्या घड्यावर पाणी, और क्या! घरी बेगम म्हणायची, कायकू इतकी मेहनत करते? पण जाता जाता अल्लानं तुम्ही दोघं दिले. हर बात पे गर्दन हिली. मैं खुश हूँ, बच्चो."

त्यांचे डोळे भरले होते. कारभारीनं ते पाहिलं आणि सवयीनं मान डोलवली.

दोघं चालत शहागंजात आले. बसला वेळ होता म्हणून चहाला थांबले. बिरूनं बशीत चहा ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"कारभारी, एक इचारू का? हसू नको."

"इचार की."

"परीक्षेला महिना हाय. मला जरा समजावून देशील का? समदं नाय. पास होण्यापुरतं."

कारभारीला आधी थट्टा वाटली. पण बिरूचं तोंड थट्टेचं नव्हतं.

"मी? तुला?"

"मग कुणाला इचारू? तुलाच तर कळतंय समदं. सर काय बी बोलले की तुझी मान हलती."

"आन् तू हं म्हणायचास ते?"

"ते व्हय?" बिरू खाली बघून म्हणाला. "झोप येऊ नये म्हणून."

चहावाल्याची भांडी वाजत होती. कारभारीनं विचारलं, "मग सोडलं का नाय तू?"

"सोडणारच होतो. संक्रांतीनंतर आश्रमशाळेत मास्तरची जागा आली होती, मामानं शब्द टाकला होता. पर मी गेलो असतो तर तुझा पेपर बंद. तुमच्या वावरात आमची मेंढरं बसत्यात कारभारी, तुमची ज्वारी खाऊन मी मोठा झालो. तुझं वरीस बुडवून कोणत्या तोंडानं वावरात आलो असतो? म्हनलं, आपलं नुसतं बसायचं."

कारभारीनं त्याला खिशातल्या अर्जाचं सांगितलं. बिरूनं बशी खाली ठेवली. दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. हे दोघे हसले नाहीत. एक बाक, त्यावर दोन मेंढरं, आणि रान कुणाचंच नाही. राहता राहिले सर. ते खुशीत घरी गेले होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बिरू म्हणाला. "म्हातारा सुखानं घरी बसू दे. आपलं जे व्हायचं ते व्हईल."

आदल्या दिवशीपर्यंतचा कारभारी यालाही मान डोलवून मोकळा झाला असता. पण त्याला सरांचे भरलेले डोळे आठवले, आणि त्या डोळ्यांसमोर आपली हललेली मान आठवली. छातीत काहीतरी दुखलं. इतक्या महिन्यांनी काहीतरी दुखलं म्हणून तो दचकलाच.

"चल," तो म्हणाला.

सरांचं घर शहागंजाच्या मागल्या गल्लीत होतं. दार सरांनीच उघडलं आणि पोरांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "आओ, आओ! कुछ अटक गया क्या?"

बिरूनं कारभारीकडं पाहिलं.

"व्हय सर," कारभारी म्हणाला.

"कुठं?"

"पहिल्यापासून."

सरांना वाटलं, पोरगा विनय दाखवतोय. त्यांनी प्रमेयांची नावं घेऊन विचारायला सुरुवात केली. हे? नाय सर. ते? नाय सर. एकेका नावाला त्यांचा आवाज खाली येत गेला. शेवटी ते खुर्चीत बसले आणि आपल्या पांढऱ्या बाहीकडं पाहू लागले.

"सालभर?"

"व्हय सर."

"दोघं पण?"

बिरू रडू लागला. आत बेगमसाहेबांनी कपबशा मांडल्याचा आवाज आला आणि थांबला. आपण एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य नासवलं, असं कारभारीला वाटलं. निघून जावं, असंही वाटलं. पण पाय हलले नाहीत.

खूप वेळानं सर उठले. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्यांनी त्याची कोरी बाजू वर केली, टेबलावर पसरली आणि पेन्सिल घेतली.

"नॉर्म म्हणजे लांबी," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "लांबीचे तीन कायदे. तिसरा हा: सरळ वाट कधी वळशाच्या वाटेपेक्षा लांब नसते. समझे?"

कारभारीची मान डोलली.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "क्यों?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वर्षभरात हे कधी विचारलं नव्हतं. कारभारीनं तोंड उघडलं. पाठ केलेली ओळ जिभेवर आली होती. ती त्यानं गिळली. कान तापले, आणि तो म्हणाला, "नाय माहीत, सर."

सर त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"बैठो," ते म्हणाले. "आता तास सुरू."