सत्काराच्या शालीचा परदेश दौरा

मी एक शाल बोलतेय. पांघरायची नव्हे, सत्काराची. दोन्हींत मोठा फरक आहे. पांघरायची शाल थंडी घालवते. सत्काराची शाल फोटोपुरती खांद्यावर चढते आणि टाळ्या थांबायच्या आत पिशवीत जाते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. रंग डाळिंबी, काठावर सोनेरी वेल. मऊपणाबद्दल मला गर्व होता, खोटं कशाला सांगू? दुकानातल्या पोऱ्याने मला हिंगोलीत फळीवर ठेवलं तेव्हा वाटलं, आता कुणीतरी म्हातारी येईल, मला गालाला लावून बघेल आणि थंडीभर सोडणार नाही. आले ते चार मास्तर. ओमप्रकाश गुरुजींचा निरोप समारंभ होता. त्यांनी मला गालाला लावलं नाही की उलगडून पाहिलं नाही. नारळाबरोबर एका पिशवीत टाकलं.

गुरुजींच्या बायकोने मला घरी नेऊन डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "घडी मोडू नका. कुणाच्या तरी कामी येईल."

हे वाक्य मी पुढे घरोघर ऐकलं. आमच्या जातीचा हा कायदाच आहे म्हणा ना. घडी शाबूत, तोवर शाल मानाची. एकदा घडी मोडली की तिला स्टेजवर जागा नाही. त्यामुळे मी गुरुजींकडून सोसायटीच्या चेअरमनकडे गेले, चेअरमनकडून एका कीर्तनकाराकडे, कीर्तनकाराकडून हिंगोलीकडच्याच गोरेगावच्या सरपंचांकडे. या सरपंचांना सगळे नाना म्हणत. मधे एकदा तर फिरून पुन्हा ओमप्रकाश गुरुजींच्याच खांद्यावर पडले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. "छान आहे हो शाल," असं मात्र म्हणाले. इतक्या खांद्यांवर बसूनही मी एकाही माणसाला ऊब दिली नव्हती. मनातून फार ओशाळायची मी.

मग गोरेगावच्या शाळेत नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन निघालं. पाहुण्या होत्या राज्यसभेच्या खासदार सुनीतीताई. दिल्लीत सरकार त्यांच्याच पक्षाचं. नानांनी मला त्यांच्या खांद्यावर घातलं, फोटो झाला, आणि ताईंचा हात सवयीने मला उतरवून मागे उभ्या असलेल्या सहायकाकडे द्यायला निघाला. तेवढ्यात गर्दीतून एक बाई सरळ स्टेजवर आली आणि तिने तो हातच धरला.

ती साखरा गावची द्वारकाबाई. साधं लुगडं, उन्हाने रापलेला चेहरा, आणि आवाज असा की माइकची गरज नाही.

"ताई, माझं पोरगं शिवशंकर तिकडं परमुलखात अडकून राहिलंय. डोंगरात रस्त्याच्या कामावर मशीन चालवायला गेल्तं. तिथलं सरकार उलथलं, कंपनीवाले पळून गेले, अन् माझ्या लेकराला त्या नव्या लोकायनं छावणीत बसवून ठेवलं."

ताईंना ते प्रकरण माहीत होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "आक्का, सरकार प्रयत्न करून राहिलं. पण तिथल्या नव्या लोकांना आपलं सरकार मानत न्हाई. त्यांच्याशी कुणी बोलायचं न्हाई, असं धोरण हाय."

"धरून ठेवलंय त्यायनं, अन् तुमी बोलता दुसऱ्यायशीच, व्हय?"

पुढारी माणसाला उत्तर सुचलं नाही की त्याचे हात काहीतरी करतात. ताईंच्या हातात मी होते. त्यांनी मला द्वारकाबाईच्या खांद्यावर घातलं. लगेच टाळ्या! फोटोवाला पुढे सरसावला. माणूस रडत असो की हसत, शाल पडली की आमच्याकडे टाळी वाजते.

द्वारकाबाईने मला ओढून काढलं आणि ताईंच्या हातात परत कोंबलं. "मला काहून देता? हितं ऊन हाय. माझं पोरगं बरफात बसलंय. त्याला न्या ही."

ताईंनी सहायकाकडे मला दिलंच नाही. घरी जाईपर्यंत मी त्यांच्या मांडीवर होते आणि त्या सारख्या माझ्या काठावरून बोट फिरवत होत्या.

पुढच्याच महिन्यात ताई धरून सहा खासदारांचं शिष्टमंडळ एका परिषदेसाठी परदेशी निघालं. काही सरकार पक्षाचे, काही विरोधी, आणि प्रमुख लालसिंगजी, सगळ्यांत ज्येष्ठ. परिषद होती शिवशंकर अडकलेल्या त्या डोंगरी देशाच्या शेजारच्या देशात. ताईंनी बॅगेत साड्यांच्या वर मला ठेवलं. मी घाबरले होते, आणि हरखलेही होते. आमच्या खानदानात विमानात बसलेली मी पहिलीच.

जेवणाला जायच्या आधी हॉटेलच्या खोलीत लालसिंगजींनी सगळ्यांना बजावलं, "वो पहाड़वाले लोग भी आए हैं. उनसे न हाथ मिलाना है, न बात करनी है, न फोटो. दिल्ली का हुक्म है." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही डोलावली. मी मात्र बॅगेत नव्हते, त्यांच्या हातावर होते. थंडी असेल म्हणून घेतली, असं त्या कुणाला तरी म्हणाल्या.

भोजनगृह मोठं होतं. त्या डोंगरी देशाचा मंत्री दाराजवळ एकटाच उभा होता. पांढरी दाढी, जाड कोट, हातात चहाचा पेला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असं बऱ्याच देशांचं ठरलेलं दिसत होतं. तो आमच्याकडे वळला तशी आमची सहाची सहा माणसं पाठ फिरवून भिंतीवरचं घोड्यांचं चित्र बघायला लागली. लोकांनी निवडून दिलेली एवढी मोठी माणसं, आणि घोड्यांचे पाय मोजत उभी! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

ताई किती वेळ त्या चित्राकडे बघत होत्या सांगता येत नाही. त्यांनी मला घट्ट धरलं होतं. पक्ष, खासदारकी, दिल्लीतलं घर, सगळं पणाला लागलं होतं. मग त्या वळल्या, सरळ म्हाताऱ्यासमोर गेल्या आणि मला त्याच्या खांद्यावर घातलं.

आणि तिथे ते घडलं. मागे उभ्या असलेल्या आमच्या पाच खासदारांनी शाल पडताना पाहिली आणि टाळ्या वाजवल्या! हुकूम आठवण्याआधी हात हलले. जन्म स्टेजवर काढलेली माणसं ती. टाळ्यांपाठोपाठ पायही आले. शाल पडली की पाहुण्याच्या दोन्ही बाजूंना रांग धरायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. लालसिंगजी तर सवयीने मधोमध येऊन उभे राहिले आणि परिषदेच्या फोटोवाल्याकडे बघून हसले. फोटो निघाला. मग त्यांचं हसू तोंडावरच वाळलं.

म्हाताऱ्याने दुभाष्याला विचारलं, हे कशासाठी?

ताई म्हणाल्या, "ही शाल माझी नाही. तुमच्या छावणीत आमचं एक लेकरू आहे, शिवशंकर. त्याच्या आईनं त्याच्यासाठी पाठवली आहे. आज तुमचा मान म्हणून तुमच्या खांद्यावर घातली. पण ती त्याची आहे. त्याच्या अंगावर घाला."

म्हाताऱ्याने मला कोटावर तसंच ठेवून चहा संपवला.

मी त्याच्याबरोबर सीमेपलीकडे गेले. कचेरीत त्याने मला एका खुंटीला अडकवलं. माझा जीव तीळतीळ तुटला. इथेही तेच का? डांबरगोळ्यांच्या जागी खुंटी, एवढाच काय तो फरक? खिडकीबाहेर बर्फ पडायचं आणि मला द्वारकाबाईचा आवाज ऐकू यायचा. त्याला न्या ही. कसं नेऊ, बाई? मला पाय नाहीत.

पण एका सकाळी म्हाताऱ्याने मला खांद्यावर टाकलं आणि गाडीत बसला. छावणीच्या पत्र्याच्या खोलीत दाढी वाढलेला, गुडघे पोटाशी घेतलेला एक पोरगा होता. म्हाताऱ्याने माझी दोन टोकं धरली आणि फाडकन झटकली. इतक्या वर्षांची घडी एका झटक्यात मोडली. त्याने मला त्या पोराच्या पाठीभोवती लपेटलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "माँ ने भेजा. घर जाओ."

शिवशंकर माझ्यात तोंड खुपसून ढसढसा रडला. मी भिजले. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

सेनगावहून साखऱ्याला येणाऱ्या जीपमध्ये ऊन रणरणत होतं, तरी पोराने मला अंगावरून काढलं नाही. द्वारकाबाई रस्त्यावरच उभी होती. तिने आधी पोराचं तोंड चाचपलं, मग दंड, मग मला. "पोचली व्हय गं तू," एवढंच म्हणाली.

दिल्लीत काय झालं ते पुढे ताईंच्याच तोंडून कळलं. त्या एका संध्याकाळी फलक-फटाके काही न लावता साखऱ्याला आल्या आणि द्वारकाबाईच्या ओट्यावर बसल्या.

"आक्का, एकटी सापडले असते तर पक्षानं घरी बसवलं असतं. पण फोटोत सहाही जण, अन् लालसिंगजी बराबर मधी! कुणी कुणाला बोलावं? शेवटी ठरलं, की तो निव्वळ शिष्टाचार होता. मला नोटीस आली, अन् परदेश दौरे बंद."

"मंग? वाईट वाटून राहिलं का तुमाला?"

ताई मोठ्याने हसल्या. "न्हाई वो. लई दिवसांनी झोप लागली."

बातमी लागताच नाना गोरेगावहून धावत आले, चार माणसं घेऊन. खासदार आल्या आणि सत्कार नाही म्हणजे काय! घाईत शाल आणायची राहिली होती. नानांची नजर बाजेवर पसरलेल्या माझ्यावर पडली. "द्वारकाबाई, ती द्या जरा. फोटोपुरती."

माझा धागा न् धागा आक्रसला.

"न्हाई देत," द्वारकाबाई म्हणाली.

"अवो, लगेच परत देतो."

"घडी मोडली तिची. आता ती पांघरायची हाय."

मग ती आत गेली, खण, नारळ आणि घरची हळकुंडं घेऊन आली आणि तिने ताईंची ओटी भरली. ताईंनी ती पदरात घेतली. सहायक हात पुढे करून उभा होता, त्याच्याकडे त्यांनी काहीच दिलं नाही.

आता मी त्याच बाजेवर असते. काठाची सोनेरी वेल उसवली आहे. हळद शिजवण्याच्या दिवसांत एक पिवळा डाग पडला, तो जात नाही. चुलीचा वास मुरला आहे. कोणत्याही स्टेजवर मला कुणी उभं करणार नाही. वाचकहो, तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण घडी सांभाळत बसली असेल. तिला बाहेर काढा, झटका, आणि ज्याला थंडी वाजत असेल त्याच्या अंगावर घाला. विचारत बसू नका, तो आपल्या माणसांत मोडतो की नाही.

पहाटे गारवा सुटला की द्वारकाबाई उठते आणि मला झोपलेल्या पोराच्या खांद्यापर्यंत ओढून घेते. टाळ्या कुणी वाजवत नाही.