कॉलरमागच्या सुया

मास्तरांच्या शिलाईत खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता, पण जवळचं मात्र त्यांना दिसेनासं झालं होतं. टाके बोटांच्या सवयीने पडत. सुईत दोरा ओवणं काही सवयीने होत नाही. नेढं दिसावंच लागतं. जुन्या दुकानात सुया ओवून द्यायला पोऱ्या होता; ते बंद पडल्यापासून ते एवढंसं मेलं नेढं त्यांच्या मुळावर उठलं होतं.

महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही, तर खोली सोडायची. मग मास्तरांनी मुलाकडे राहायचं, बायकोने मुलीकडे, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईबापांची वाटणी करताना भावंडं एकदाही भांडली नाहीत, हे नवलच!

आज एका शिलाईच्या दुकानात हात दाखवायचा होता. निघताना बायकोने दोरे ओवलेल्या सुया त्यांच्या कॉलरमागे टोचल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "जास्त बोलू नका."

दुकानाच्या तरुण मालकाने काळा कोट पुढे टाकला. मास्तरांनी हळूच एक सुई काढली आणि अस्तर असं बसवलं, की मालक बोट फिरवून टाका शोधत राहिला.

"काका, उद्यापासून या," तो म्हणाला. मास्तरांच्या मनावरचा दगड उतरला. "आणि बसलाच आहात, तर ही पँटही खालून दुमडून शिवून द्या." त्याने तपकिरी पँट आणि रीळ सरकवलं.

कॉलरमागे काळा दोरा होता, पांढरा होता. तपकिरी नव्हता. मास्तरांनी टोक ओलं करून नेम धरला. चुकला. परत चुकला. मशीनवरच्या एका बाईला राहवेना. तिने उठून सुई ओवून दिली. करायला गेली भलं, पण मालकाने ते पाहिलं.

"हाताला तोड नाही, काका," तो ओशाळून म्हणाला. "पण दोरा ओवायला दुसरं माणूस कुठून ठेवू?"

घरी बायको सुया टोचलेली चिंधी घेऊन बसली होती. त्यांचा चेहरा बघून ती काय ते समजली.

"अहो, रंगीत दोरे द्यायचे राहिलेच, माझंच चुकलं. आता सगळे रंग ओवून ठेवलेत. उद्या दुसरीकडे अडायला नको."

मास्तरांनी एक सुई उचलली. सुई हातात आली, दोरा चिंधीवरच राहिला. दुसरी उचलली, तेच. नेढं तिलाही दिसत नव्हतं; सकाळच्या सुया शेजारणीच्या सुनेने ओवून दिल्या असणार, हे त्यांना आत्ता कळलं.

"छान ओवल्यास गं," ते म्हणाले आणि त्या बोडक्या सुया एकेक करून कॉलरमागे टोचत राहिले.