मिऱ्यांखालची पांढरी पूड

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना खलबत्ता. स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या कोपऱ्यात माझी जागा. मला ओतणाऱ्या कारागिरानं मला टिचकी मारून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "आवाज खणखणीत आहे. हा पोटात काही ठेवणार नाही." त्या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं मिरवलो.

मी ज्या घरात आलो तिथे दोघंच राहतात. ताई शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. सगळे त्याला घड्याळजीच म्हणतात. पुढच्या खोलीत त्याचं टेबल. डोळ्याला भिंग लावून, तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू तो चिमट्यानं अलगद बसवायचा. संध्याकाळी ताई सुपासाठी माझ्यात मिरी कुटायला बसली की माझा आवाज ऐकून तो तिथूनच ओरडायचा, "ताई, हात सैल सोड गं, नाक वाहिलं पाहिजे!" ते माझे सुखाचे दिवस.

मग घड्याळजी आजारी पडला. रिकाम्या खोलीत त्याला माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. ताट समोर आलं की तो आधी हुंगायचा आणि मग सरकवून द्यायचा. ताईनं लोकलाज गुंडाळून ठेवली आणि त्याला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत ते आवाज मागे सरले आणि तो पुन्हा पोटभर जेवू लागला. त्या गोळ्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांनीच आमचा माणूस आम्हाला परत दिला.

पण त्याचे हात थरथरू लागले. तोंडाला कोरड पडायची, दिवसा पेंग यायची, विजारी कमरेत बसेनात. बाकी सगळं त्यानं हसण्यावारी नेलं, पण हातांशिवाय घड्याळजी कसला? डॉक्टरांना सांगायचं सोडून त्यानं गोळ्या एकदम बंद केल्या. थोड्या दिवसांत आवाज परतले.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं विनवलं, ती रागावली, तो ऐकेना. मग एका संध्याकाळी तिनं मिऱ्यांबरोबर एक पांढरी गोळी माझ्यात टाकली आणि आवाज होऊ नये म्हणून माझ्याखाली जाड फडकं घातलं. मित्रांनो, ज्या हातांनी मला इतकी वर्षं घासूनपुसून लखलखीत ठेवलं, त्याच हातांनी माझं तोंड दाबलं! तिची माया मला दिसत होती. तरीही माझा विश्वासघात झाला होता, आणि ज्याचा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा विश्वासघात होत होता, तो पुढच्या खोलीत सुपाची वाट बघत बसला होता.

एकदा त्यानं विचारलंसुद्धा. "ताई, सूप कडवट लागतंय. काही घालतेस का यात?"

"मिरी जास्त झाली असेल. पुन्हा तेच खूळ डोक्यात घेऊ नकोस हं."

तो ओशाळला. "खरंय तुझं. माझंच डोकं ठिकाणावर नाही," म्हणाला आणि वाटी चाटूनपुसून संपवली. मी रागानं आतल्या आत घुमत राहिलो.

त्याला ऐकू येणारे आवाज पुन्हा विरले. हातांची थरथर मात्र राहिली. गोळ्या तर कधीच सोडल्या, तरी हात हलतात, म्हणजे आपले हातच संपले, असं तो बिचारा समजला. लोकांची घड्याळं त्यानं तशीच परत केली. मग हत्यारांना तेल लावून ती फडक्यात गुंडाळली आणि गिऱ्हाईक शोधायला लागला.

डॉक्टरांकडे ताई एकटीच जायची. "गोळ्या वेळेवर घेतो, त्रास काही नाही," असं सांगून यायची. एका खेपेला त्यांनी दिवसातून एकदाच घ्यायची नवी गोळी दिली. ताईनं तीही कुटली. दुसऱ्या दिवशी सूप पिऊन काही वेळानं घड्याळजी स्टुलावरून उठला, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर त्याचं कपाळ आपटलं.

टाके घालून त्याला घरी आणल्यावर त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स त्याला बघायला आली. स्वयंपाकघरातच बसून तिनं त्याचा रक्तदाब मोजला आणि विचारलं, "गोळी अख्खीच गिळता ना?"

"कुठली गोळी? मी तर कधीच सोडल्या."

ताईची नजर माझ्याकडे गेली. पितळ उघडं पडायला तेवढं पुरलं. तो उठला, त्यानं माझ्या तळातून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मी विचारलं होतं ना गं तुला," तो म्हणाला. "मला वेड्यात काढलंस. हत्यारं विकायला निघालो होतो मी, ताई."

ताई ओंजळीत तोंड लपवून रडली. नर्स दोघांनाही बोलली. "ही गोळी पोटात हळूहळू औषध सोडते. कुटली की सगळं एकदम अंगात जातं. आणि हात थरथरतात हे कळलं असतं, तर डॉक्टरांनी डोस कमी केला असता, औषध बदललं असतं. काका, तुम्हीसुद्धा मनानं एकदम बंद करायचं नव्हतं."

आता घड्याळजी स्वतः डॉक्टरांकडे जातो. औषध बदललं, थरथर पुष्कळ ओसरली, या औषधांनी वाढू शकते म्हणून अधूनमधून रक्तातली साखरही तपासतात. गोळी तो स्वतःच्या हातानं, पाण्याबरोबर, अख्खी घेतो. हत्यारं पुन्हा टेबलावर मांडली आहेत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. औषधानं त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते परस्पर थांबवू नका. आपलं माणूस औषध घेत नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पण ते त्याच्या ताटात लपवू नका, आणि त्यानं विचारलं तर खोटं बोलू नका.

ताई पुन्हा माझ्यात मिरी कुटते, फडक्याशिवाय. मी पूर्वीसारखाच खणखणतो. पण पुढच्या खोलीतून आता कुणी ओरडत नाही. घड्याळजी उठून येतो, डोळ्याला भिंग लावतो, माझ्या तळाशी नीट बघतो आणि मगच चमचा उचलतो. ताई शेजारी उभी राहून ते रोज बघते.